मंगळवारी जन्मलेली

सीताबर्डीच्या फुटपाथवर ते किलोच्या भावात पडलं होतं,
दोन गाईडं आणि होमिओपॅथीचा एक जाडजूड ग्रंथ यांच्यामध्ये.
मागच्या कव्हरवर लंडनच्या कुठल्याशा वर्तमानपत्रानं म्हटलेलं
की ही कथा साऱ्या मानवजातीची आहे.
मी घेतलं ते त्यामुळे नाही.
मधलंच एक पान उघडलं, आणि तिथे
कुमासी नावाच्या गावात एक आई
फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोजत बसली होती.

मी मेयोच्या लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं.
गोळ्या कोण मोजतं, ते मला कळतं.

त्याआधीही बरंच जग वाचलंय मी, अडखळत,
डिक्शनरी मांडीवर घेऊन.
चिलीतली एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या बुटांशी बोलायची.
कोरियातला एक मुलगा लिफ्टमधून उतरायलाच तयार नव्हता.
आणि आफ्रिकेतून आलेल्या कितीतरी पुस्तकांत
शेवटी कोणीतरी परक्या देशातल्या खिडकीशी उभं राहून
बर्फ पाहायचं.
खरं सांगू? बर्फाचा मला कंटाळा आलाय.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
बर्फाचं दुःख अंगाला लागत नाही.

या पुस्तकात कोणी कुठे गेलंच नाही.
पोरगी तिथेच राहते, बस डेपोच्या मागे.
नाव अबेना, म्हणजे मंगळवारी जन्मलेली.
शुक्रवारचा कोफी, बुधवारची अकुआ.
त्यांच्याकडे वार माणसांच्या वाट्याला आले,
आमच्याकडे वस्त्यांच्या:
इतवारी, बुधवारी, शुक्रवारी.
मी राहते मंगळवारीत.
चौतीसाव्या पानावर एकटीच हसले
तर शीलवंत पलंगावरून म्हणाला,
काय हसून राहिली वं ताई?

लेखिका काही समजावून सांगत नाही.
केंके म्हणजे काय, फूफू कशाशी खातात,
खाली टीप नाही, मागे यादी नाही.
आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे.
तर्री म्हणजे काय, हे आपण तरी कोणाला सांगतो?
ज्याला हवी तो पोह्याची प्लेट घेऊन
मुकाट्यानं ठेल्याशी उभा राहतो.

एक मात्र तिनं चुकीचं लिहिलंय.
रात्री दुखायला लागलं की अबेना किंचाळते,
सारा मोहल्ला जागा होतो.
शीलवंत कधी किंचाळला नाही.
गुडघे पोटाशी घेऊन
तो कॅलेंडरातल्या सुट्ट्या मोजायचा,
पुढच्या वर्षीच्यासुद्धा.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: असं नसतं.
दोन पानं पुढे गेले, परत आले, खोडलं.
असंही असेल.
बाईनं कोणाला तरी ऐकलं असेल.

स्लाइडवर पाहाल तर फरक नाही.
विळ्यासारख्या वाकलेल्या,
एकमेकींत अडकून वाट अडवून बसलेल्या.
कुमासीची कोणती आणि बेझनबागेची कोणती,
भिंग सांगणार नाही.
तरी ते ‘साऱ्या मानवजातीची’ मला पटत नाही.
सारी मानवजात मेयोच्या रांगेत
मी कधी पाहिली नाही.
तिथे येतात ती ठरावीक गावं,
ठरावीक आडनावं.

रात्री मी त्याला वाचून दाखवते,
म्हणजे डोळ्यांपुढे इंग्रजी, तोंडात आपली बोली.
अबेनाची आई आपल्या बोलीत जरा जास्तच भांडते.
हवेची वर्णनं मी गाळते एरवी,
काल गाळता आली नाहीत:
हरमटान नावाचा कोरडा वारा सुटलाय,
ओठ फुटून राहिलेत,
आणि पोरगी कोणाला न सांगता
शाळेच्या शर्यतीत उभी आहे, अनवाणी.

शीलवंत उठून बसला.
पळू नोको म्हना तिले.
मी म्हटलं, अरे, लिहून झालंय, छापून झालंय.
थोडा वेळ गप्प राहिला.
मंग पानी तरी पेत राय म्हना.

पुढचं पान मी दुपारीच वाचलं होतं.
पुस्तक मिटलं,
आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठले.